सरळ रेषेवरून 'विचित्र धातू' ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही इट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची, म्हणजे वायबीसीओची, पेलेट (भुकटी दाबून केलेली वडी) भट्टीत तयार केली आणि द्रव नायट्रोजनने थंड करत चार टोकांच्या पद्धतीने तिचा रोध मोजला. ९१ केल्विनच्या आसपास रोध शून्यावर आला आणि त्याच्या वर ३०० केल्विनपर्यंत आलेख जवळजवळ सरळ रेषा निघाला. ही सरळ रेषा म्हणजे 'विचित्र धातू'ची, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन एकमेकांशी इतके बांधलेले असतात (प्रबळ सहसंबंध) की साध्या धातूचे चित्र लागू पडत नाही अशा पदार्थाची, खूण, असे तुमच्या वाचनात आले होते. सर मात्र म्हणाले की तांब्याच्या तारेचा आलेखही असाच सरळ येतो, त्यात विचित्र काही नाही. तेव्हा कोणाचे बरोबर, आणि ज्या कारणाने रोध निर्माण होतो त्याच कारणाने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात का, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्या हातातल्या आलेखापुरते सरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि वायबीसीओ या पदार्थापुरते तुमचे वाचन बरोबर आहे. हे मी दोघांचीही मने राखण्यासाठी म्हणत नाही. ९१ ते ३०० केल्विन या पट्ट्यात दोन्ही स्पष्टीकरणांतून एकच आलेख निघतो, त्यामुळे तुमचे मोजमाप त्यांच्यात निवड करू शकत नाही. ती निवड झाली ती इतर नमुन्यांवर, या पट्ट्याच्या दोन्ही टोकांपलीकडे जाऊन केलेल्या मोजमापांमुळे. म्हणून रेषा सरळ आहे की नाही यापेक्षा ती कुठे सुरू होते, कुठे संपते आणि वाढवली तर कुठे पोहोचते, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

सरांची बाजू आधी नीट समजून घेऊ. धातूत इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन करणाऱ्या, म्हणजे त्यांना वाटेत विखुरणाऱ्या, गोष्टींत अणूंची कंपने, म्हणजे फोनॉन, ही सर्वांत नेहमीची. तापमान पुरेसे वर असले की फोनॉनांची संख्या तापमानाच्या प्रमाणात वाढते आणि रोधकताही त्याच प्रमाणात वाढते. तापमान पुरेसे खाली गेले की फोनॉन गोठतात आणि रोधकता तापमानाच्या पाचव्या घाताप्रमाणे झपाट्याने कमी होते. 'पुरेसे' म्हणजे किती, हे पदार्थाच्या डिबाय तापमानावर, म्हणजे त्याच्या अणूंच्या सर्वांत वेगवान कंपनांच्या ऊर्जेशी जुळणाऱ्या तापमानावर, ठरते. त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागाच्या वर आलेख सरळ दिसू लागतो. तांब्याचे डिबाय तापमान सुमारे ३४० केल्विन आहे आणि वायबीसीओचे सुमारे ४००. म्हणजे वायबीसीओत केवळ फोनॉन असते तरीही १०० केल्विनच्या वर तुम्हाला सरळ रेषाच मिळाली असती, आणि जिथे ती वाकायला लागली असती नेमक्या त्याच जागी अतिसंवाहकता येऊन रोध नाहीसा करते. पुरावा असायला हवा तिथेच पडदा पडतो, ही या पदार्थाची जुनी अडचण आहे.

तरी तुमच्याच माहितीतून एक छोटा संकेत काढता येतो. तांब्याचा तापमान-गुणांक खोलीच्या तापमानाला दर केल्विनला सुमारे ०.००३९ असतो. त्यावरून रेषा खाली वाढवली तर ती ४० केल्विनच्या थोडी अलीकडे शून्य रोध गाठते. फोनॉनजन्य रेषेचे हेच लक्षण आहे: ती शून्य केल्विनला न पोहोचता थोडी आधीच अक्षाला छेदते, कारण प्रत्यक्ष आलेख मध्येच वाकलेला असतो. वायबीसीओच्या चांगल्या एकस्फटिकात, ऑक्सिजनचे प्रमाण योग्य असताना, तीच रेषा शून्य केल्विनच्या अगदी जवळ पोहोचते. हा संकेत आहे, सिद्धता नाही, आणि पेलेटमध्ये तर तो फारच दुबळा होतो. पेलेटचा रोध म्हणजे कणांच्या आतला रोध, कणसीमांवरचा रोध आणि मधल्या पोकळ्यांचा परिणाम यांची बेरीज असते. त्यात वायबीसीओचे कण वाटेल त्या दिशांना पडलेले असतात, आणि तांबे-ऑक्सिजनच्या थरांना आडवे जाताना रोधकता थरांतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणून पेलेटच्या रेषेचा छेदबिंदू किंवा तिचा चढ यांवर मी स्वतः कोणताही सैद्धांतिक निष्कर्ष बांधणार नाही.

तुमच्या प्रश्नात 'प्लांक काल' हा शब्दही आला आहे, आणि त्याविषयी माझे मत जरा कडक आहे. प्लांकचा स्थिरांक दोन पायने भागून, मग बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराने भागला की जो काळ मिळतो तो १०० केल्विनला सुमारे ७६ फेम्टोसेकंद आणि ३०० केल्विनला सुमारे २५ फेम्टोसेकंद असतो. विचित्र धातूंत दोन प्रकीर्णनांमधला काळ याच आकड्याच्या आसपास येतो, आणि त्यावरून पुष्कळ लिहिले जाते. पण तांब्याचे गणित करून पाहा. २७३ केल्विनला तांब्यातला प्रकीर्णनकाळ सुमारे २७ फेम्टोसेकंद आहे आणि त्याच तापमानाचा प्लांक काल २८ फेम्टोसेकंद. तांब्याला कोणी विचित्र धातू म्हणत नाही. २०१३ मध्ये ब्रुइन, मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी अनेक पदार्थांची तुलना करून हेच दाखवले की रेषीय रोधकता असलेल्या साध्या आणि विचित्र अशा दोन्ही गटांतल्या धातूंत हा काळ एकमेकांच्या जवळपास येतो. तांब्यात तो योगायोग आहे, कारण तिथे इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांचे युग्मन योग्य त्या आकाराचे पडते. क्यूप्रेटांत, म्हणजे वायबीसीओसारख्या तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या संयुगांत, तो योगायोग नसावा असे अनेकांना वाटते, मलाही वाटते. परंतु एकट्या त्या आकड्यावरून कोणत्याही धातूला कोणत्याही गटात टाकू नये.

आता तुमच्या वाचनाची बाजू. पहिला पुरावा खालच्या टोकाचा आहे. बिस्मथ-स्ट्रॉन्शियम-कॉपर ऑक्साइडच्या कुटुंबात एक असा सभासद आहे की ज्याचे संक्रमण तापमान (ज्याच्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) जेमतेम १० केल्विनच्या आसपास आहे. १९९० मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या स्फटिकांची रोधकता मोजली, तेव्हा ती तिथपासून ७०० केल्विनपर्यंत सरळ रेषेत वाढताना दिसली. २०-३० केल्विनला फोनॉन बहुतांशी गोठलेले असतात, त्यामुळे तिथे तरी आलेख वाकायला हवा होता; तो वाकला नाही. दुसरा मार्ग म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राने अतिसंवाहकता दडपून तिच्याखाली काय दडले आहे ते पाहणे. लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-कॉपर ऑक्साइडच्या जास्त डोपिंगच्या (म्हणजे स्ट्रॉन्शियम जास्त मिसळलेल्या) नमुन्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा मोजमापांत रेषीय घटक फार कमी तापमानापर्यंत टिकून राहिलेला दिसला. जड इलेक्ट्रॉनांच्या संयुगांत (जिथे इलेक्ट्रॉन नेहमीपेक्षा कितीतरी पट जड असल्यासारखे वागतात) तर हे आणखी स्वच्छ दिसते. इटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगात रोधकता सुमारे १० केल्विनपासून एका केल्विनच्या कितीतरी खालपर्यंत रेषीय राहते, आणि त्या थंडीत फोनॉनांना दोष द्यायला जागाच उरत नाही.

दुसरा पुरावा वरच्या टोकाचा. १९८७ मध्ये गुरविच आणि फिओरी यांनी लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-कॉपर ऑक्साइड ११०० केल्विनपर्यंत तापवले, तरी रोधकता कुठेही थबकली नाही. हे महत्त्वाचे का, ते सांगते. एखादा इलेक्ट्रॉन एका प्रकीर्णनापासून दुसऱ्यापर्यंत जितके अंतर कापतो ते तापमानाबरोबर कमी होत जाते, आणि ते शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराएवढे झाले की 'इलेक्ट्रॉन चालला आणि मध्येच अडखळला' हे चित्रच अर्थहीन होते. मॉट, योफे आणि रेगेल यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. निओबियम-टिन या संयुगात, जे १८ केल्विनला अतिसंवाहक होते आणि ज्यात फोनॉनांचे युग्मन भक्कम आहे, रोधकता या मर्यादेजवळ आली की वाकून सपाट होऊ लागते. फिस्क आणि वेब यांनी १९७६ मध्ये ते दाखवले. क्यूप्रेट मात्र ती मर्यादा ओलांडून पुढे जातात. एमरी आणि किव्हेलसन यांनी १९९५ मध्ये अशा पदार्थांना 'वाईट धातू' म्हटले. हे विशेषण मला 'विचित्र धातू'पेक्षा प्रामाणिक वाटते, कारण त्यात नेमके काय बिघडले आहे ते सांगितलेले आहे: इथे स्वतंत्रपणे धावणारा, स्वतःचा ठराविक संवेग असलेला इलेक्ट्रॉनसदृश कण शिल्लक राहिलेला नाही. तरीही एक सावधगिरीची सूचना: फुलरीनच्या काही संयुगांत फोनॉनांचाच वाटा मोठा असूनही रोधकता ही मर्यादा ओलांडते. म्हणून वरच्या टोकाचा पुरावाही एकटा वापरू नये.

या दोन टोकांचा वाद अजून जिवंत आहे हे पाहायचे असेल तर ग्राफीनकडे, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराकडे, पाहा. दोन थर एकमेकांवर १.१ अंशाच्या कोनात ठेवले की त्यांत अतिसंवाहकता येते, हे हारियो-हेरेरो यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. त्यातही रोधकता रेषीय दिसली आणि एका बाजूने ती विचित्र धातूची खूण ठरवली गेली. दुसऱ्या बाजूने दास सर्मा आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की जिथे इलेक्ट्रॉनांची घनता फार कमी असते तिथे फोनॉनजन्य रेषा ज्या तापमानापासून सुरू होते ते डिबाय तापमानावर नव्हे तर फर्मी पृष्ठाच्या आकारावर ठरते, आणि म्हणून काही केल्विनलाच रेषा सरळ होऊ शकते. तुमचे सर जे म्हणाले तेच इथे अधिक सूक्ष्म रूपात म्हटले गेले आहे. सरांचा आक्षेप जुनाट नाही, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

मग सहसंबंध येतो कुठून? लॅन्थॅनम-कॉपर ऑक्साइडमध्ये, स्ट्रॉन्शियम घालण्यापूर्वी, प्रत्येक तांब्याच्या अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. बँड सिद्धांतानुसार पट्टा अर्धाच भरलेला असल्याने तो धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो विसंवाहक आणि प्रतिलोहचुंबकीय आहे, म्हणजे शेजारच्या अणूंचे स्पिन उलटसुलट दिशांना असतात. कारण असे की एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्या प्रतिकर्षणाची किंमत फार मोठी पडते. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत दाटीने गाड्या लावल्या की इंजिने चालू असूनही कोणी जागचे हलू शकत नाही, एखादी गाडी उतरली तरच बाकीच्यांना सरकायला वाव मिळतो, तसे हे आहे. स्ट्रॉन्शियम घालणे किंवा वायबीसीओत ऑक्सिजन वाढवणे म्हणजे जागा मोकळ्या करणे. पण त्या जागांतून होणारी हालचाल एकेकट्या इलेक्ट्रॉनाची राहत नाही. ती शेजाऱ्यांच्या जागेशी आणि त्यांच्या स्पिनशी बांधलेली असते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो मला वारंवार दिसतो. इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळतात म्हणून रोध निर्माण होतो, असे सरसकट लिहिले जाते. दोन इलेक्ट्रॉनांच्या टकरीत त्यांचा एकूण संवेग तसाच राहतो, त्यामुळे स्फटिकाचे जाल मध्ये आले नाही तर केवळ अशा टकरींनी विद्युतप्रवाह कमी होणार नाही. जाल संवेगाचा वाटा उचलते, अशुद्धी उचलतात, आणि मगच टकरींचा परिणाम रोधात दिसतो. लँडाऊंच्या फर्मी द्रवाच्या सिद्धांतात (साध्या धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण चित्र) या मार्गाने रोधकता तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात येते, आणि जास्त डोपिंगच्या क्यूप्रेटांत आपण अतिसंवाहक पट्ट्याच्या बाहेर पडलो की ती खरोखर वर्गाकडे झुकते. त्यामुळे वर्ग की रेषा हा फरक डोपिंगनुसार बदलतो. फोनॉनांचे स्वरूप डोपिंगने एवढे बदलत नाही. म्हणूनच 'फोनॉन पुरेसे नाहीत' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा हा मला सर्वांत पटणारा युक्तिवाद आहे. हॉल परिणामही (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा निर्माण होणारा व्होल्टेज) तेच सुचवतो. चिएन, वांग आणि ओंग यांनी १९९१ मध्ये झिंक घातलेल्या वायबीसीओवर दाखवले की रोधकता तापमानाप्रमाणे रेषेत वाढत असताना हॉल कोनाची कोटिस्पर्शज्या मात्र तापमानाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साध्या धातूत एकाच प्रकीर्णनकाळाने दोन्ही ठरायला हवीत. इथे दोन वेगवेगळे काळ असल्यासारखे दिसतात, आणि याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही.

थोडक्यात इथवरचे: तुमच्या पट्ट्यातली सरळ रेषा फोनॉनांनीही मिळते, प्लांक कालाचा आकडा तांब्यातही मिळतो, खालचे टोक, वरचे टोक, डोपिंगबरोबरचा बदल आणि हॉल परिणाम ही चारही एकत्र घेतली तरच साध्या धातूचे चित्र मोडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर साध्या धातूंसाठी स्वच्छ आहे. तिथे रोध आणि जोड्या यांचे कारण एकच, म्हणजे फोनॉन. शिशाची रोधकता खोलीच्या तापमानाला तांब्याच्या सुमारे बारा पट आहे आणि ते ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते. तांबे, चांदी आणि सोने हे सर्वोत्तम वाहक मात्र कितीही थंड केले तरी झालेले नाहीत. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात हे सहज बसते: ज्या युग्मनाने गरम धातूत इलेक्ट्रॉन अडखळतात तेच युग्मन थंडीत त्यांना जोडीने बांधते. १९५० मध्येच पाऱ्याच्या समस्थानिकांवरून हा दुवा दिसला होता, कारण अणू जड केला की संक्रमण तापमान वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरले. वायबीसीओत मात्र ऑक्सिजनचे समस्थानिक बदलले तरी, योग्य डोपिंगला, संक्रमण तापमान जवळजवळ हलत नाही. फोनॉनांचा काहीच संबंध नाही असा याचा अर्थ मी काढणार नाही, कारण कमी डोपिंगला तोच परिणाम वाढतो. पण पाऱ्यातली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही हे नक्की.

मग क्यूप्रेटांत रोध आणि जोड्या यांचा संबंध उरतो का? हे डोपिंगवर अवलंबून आहे. जास्त डोपिंगच्या बाजूला रेषीय घटकाचा चढ आणि संक्रमण तापमान एकत्र कमी होत जातात आणि जवळपास एकत्रच नाहीसे होतात. टेलफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे क्यूप्रेट, लोहयुक्त संयुगे आणि काही सेंद्रिय संवाहक यांत दाखवले. रेषीय प्रकीर्णन जिथून येते तिथूनच जोड्यांचे बंधनही येत असावे, असा कयास त्यातून बांधला जातो, आणि उमेदवार म्हणून प्रतिलोहचुंबकीय चढउतारांचे नाव घेतले जाते. जोड्यांचा आकार डी-प्रकारचा आहे, म्हणजे काही दिशांना त्यांची बंधनऊर्जा शून्य होते आणि चिन्ह बदलते, हे १९९३-९४ मध्ये वोल्मन, त्सुएई, किर्टली आणि इतरांनी सिद्ध केले. चुंबकीय कारणाशी ते सुसंगतही आहे. कमी डोपिंगच्या बाजूला मात्र हा हिशेब कोलमडतो. तिथे जोड्यांचे बंधन ढिले पडत नाही, पण अतिसंवाहक प्रवाह वाहून नेणारी घनता कमी असते, आणि संक्रमण तापमान त्या घनतेच्या मागोमाग जाते. उएमुरा यांनी म्यूऑनच्या साहाय्याने १९८९ मध्ये हे प्रमाण दाखवले. म्हणून संक्रमण तापमानाच्या एका आकड्यावरून जोड्या किती पक्क्या आहेत ते ठरवता येत नाही. जोड्या जमणे आणि त्या सर्वांनी एका तालात चालणे या दोन घटना साध्या धातूंत एकाच वेळी होतात, इथे तसे असण्याची सक्ती नाही.

सिद्धांताची अडचणही सांगायला हवी, कारण तुम्ही पुढे पीएच.डी.चा विचार करत आहात असे लिहिले आहे. या सर्व पदार्थांसाठी सर्वांत साधे गणिती रूप म्हणजे १९६३ चे हबर्ड मॉडेल: शेजारच्या अणूवर उडी मारण्याची एक ऊर्जा आणि एकाच अणूवर दोघे आल्यास लागणारी दुसरी ऊर्जा. क्यूप्रेटांत पहिली सुमारे ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे तापमानाच्या भाषेत साडेचार हजार केल्विनच्या वर. संगणकावर या मॉडेलची रोधकता काढायची तर काल्पनिक काळातली माहिती खऱ्या काळात आणावी लागते, आणि तापमान कमी केले की फर्मी कणांच्या चिन्हाची अडचण (बेरजेतली धन आणि ऋण पदे एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात ती) गणना अशक्य करते. त्यामुळे हुआंग, डेव्हरो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मॉडेलमधून रेषीय रोधकता काढली ती क्यूप्रेटांच्या मापाने भट्टीच्या तापमानाला. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये लिथियमच्या थंड अणूंवर हेच मॉडेल प्रयोगात साकारले गेले आणि तिथेही रेषीय वाढ आणि मर्यादा ओलांडणारी रोधकता दिसली. ते अणू प्रत्यक्षात अब्जांश केल्विनच्या जगातले, परंतु तापमानाचे उडीच्या ऊर्जेशी गुणोत्तर पाहिले तर वायबीसीओच्या पेलेटपेक्षा कितीतरी गरम. उलट त्याच मॉडेलमधल्या अतिसंवाहकतेच्या गणना मुख्यतः शून्य तापमानाच्या आहेत. २०२० मध्ये असे दिसले की फक्त लगतच्या शेजाऱ्याकडे उडी असलेल्या शुद्ध रूपात अतिसंवाहकता टिकत नाही, आणि २०२४ मध्ये, कर्णावरच्या शेजाऱ्याकडे उडी जोडल्यावर, ती पट्टेदार रचनेसह टिकते असे दिसले. म्हणजे रोधाची खात्रीलायक गणना एका टोकाला, जोड्यांची दुसऱ्या टोकाला, आणि तुमची पेलेट या दोहोंच्या मधे. 'एकाच कारणाने दोन्ही होते का' याचे उत्तर अजून पक्के नाही, त्याचे मोठे कारण हे आहे.

आता तुमच्या प्रयोगशाळेत काय करता येईल ते पाहू. तुमच्याकडे द्रव हेलियम नाही, आणि तो नसला तरी चालेल. पहिले काम म्हणजे हा खरोखर अतिसंवाहक आहे हे चुंबकीय प्रतिसादाने दाखवणे. पेलेटभोवती दोन गुंडाळ्या आणि लॉक-इन अँप्लिफायर असला तर प्रतिचुंबकीय घसरण स्पष्ट दिसते. तेही नसेल तर चुंबक तरंगताना दाखवा. केवळ रोध घसरला म्हणून अतिसंवाहकता मानण्याचा धोका काय असतो ते २०२३ मध्ये एलके-९९ या, खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचा दावा झालेल्या पदार्थाच्या वेळी जगाने पाहिले. त्यात खोलीच्या तापमानाच्या वर दिसलेली मोठी घसरण नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडच्या सुमारे १०४ अंश सेल्सिअसच्या साध्या संरचनाबदलाची निघाली.

दुसरे काम ऑक्सिजनचे. एकाच घाण्यातल्या पेलेटांपैकी एक ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास पुष्कळ वेळ ठेवा, आणि दुसरी त्याहून जास्त तापमानावरून एकदम थंड करा म्हणजे तिच्यात ऑक्सिजन कमी राहील. कमी ऑक्सिजनच्या नमुन्याचे संक्रमण ६० केल्विनकडे सरकले तर ते नायट्रोजनने दिसणार नाही, पण तुम्हाला संक्रमण नको, त्याच्या वरचा आलेख हवा आहे. चांगल्या स्फटिकांत अशा वेळी आलेख संक्रमणाच्या कितीतरी आधीपासून रेषेच्या खाली वाकतो. छद्म-अंतराची, म्हणजे अतिसंवाहकतेच्या आधीच इलेक्ट्रॉनांच्या काही ऊर्जापातळ्या रोडावण्याची, ती खूण आहे. पेलेटमध्ये मात्र थरांना आडवी रोधकता थंडीत उलट वाढत असल्याने हे वाकणे काही अंशी झाकले जाते, आणि रेषा सरळ दिसली तरी ती दोन वक्रांच्या बेरजेने सरळ झालेली असू शकते. हे अहवालात स्पष्ट लिहा. परीक्षक त्याबद्दल गुण कापणार नाही.

तिसरे काम झिंकचे. तांब्याच्या जागी एक टक्का झिंक घातले की संक्रमण तापमान सुमारे १० केल्विनने उतरते, आणि रेषेचा चढ फारसा न बदलता ती उचलली जाते. एक टक्क्याच्या फार पुढे जाऊ नका, कारण मग संक्रमण नायट्रोजनच्या आवाक्याबाहेर जाते. झिंक स्वतः चुंबकीय नाही, आणि अँडरसन यांच्या १९५९ च्या प्रमेयानुसार साध्या अतिसंवाहकाला अशा अशुद्धीचे फारसे काही वाटायला नको. इथे एवढे नुकसान होते, ते जोड्यांचे चिन्ह दिशेनुसार बदलण्याशी जुळते. महाविद्यालयाच्या भट्टीत डी-प्रकाराच्या इतक्या जवळ पोहोचता येते याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.

काळजी मुख्यतः आपल्या हवेची घ्यायची. वायबीसीओ दमट हवेत हळूहळू विघटित होते आणि पृष्ठभागावर बेरियम कार्बोनेट तयार होते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात उघडी ठेवलेली पेलेट दुसऱ्यांदा मोजली की कणसीमांचा रोध वाढलेला दिसतो आणि तो 'अवशिष्ट रोध' म्हणून वहीत उतरतो. सिलिका जेल बदलत राहा, मोजमाप पेलेट तयार केल्यावर लगेच करा, आणि नायट्रोजनचे पात्र उघडताना नमुन्यावर दव साचू देऊ नका. चांदीच्या पेस्टचे जोड ऑक्सिजनमध्ये भाजून घेतलेत तर संपर्करोध कमी होतो. प्रत्येक बिंदूवर प्रवाहाची दिशा उलटी करून सरासरी घ्या, नाहीतर तारांतला उष्माविद्युत व्होल्टेज शून्याजवळ तुम्हाला फसवेल. तापमापी नमुन्यालाच चिकटलेली असू द्या आणि थंड करताना व गरम करताना आलेख एकमेकांवर बसतात का ते पाहा.

हे सर्व जमले की रोधाचा आलेख भिंतीवर लावण्याऐवजी त्याचा तापमानाशी असलेला अवकलज काढा. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या रेषेतली वक्रता अवकलजात लगेच उघड होते. तुमचा अवकलज १२० पासून ३०० केल्विनपर्यंत मोजमापाच्या गोंगाटाच्या आत सपाट राहिला, तर 'या पट्ट्यात रेषीय' एवढेच वाक्य लिहा आणि पट्टा नोंदवा. तो १२० च्या बाजूला वर चढत असेल तर आधी संक्रमणापूर्वीच्या चढउतारांचा विचार करा, कारण शून्यावर कोसळण्यापूर्वी रोध काही केल्विन आधीपासूनच रेषेच्या खाली घसरू लागतो. आणि याहून खालच्या तापमानाला किंवा चुंबकीय क्षेत्रात मोजायची इच्छा असेल, तर इंदूरच्या यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संकुलाकडे विद्यापीठामार्फत अर्ज करता येतो. त्यासाठी मात्र पेलेट पुरणार नाही, एकस्फटिक किंवा पातळ थर सोबत न्यावा लागेल.